डेल्मर अ‍ॅलीच्या फांद्या

समुद्रकाठच्या आमच्या हॅडली कोव्ह गावात थंडी पडायच्या आधी घराला कंबरपट्टा बांधतात. आधी पायाभोवती डांबरी कागद, त्यावर फर या सुईसारख्या पानांच्या झाडाच्या फांद्या एकीवर एक, कौलं रचतात तशा, आणि वरून लाकडी पट्ट्या ठोकायच्या. मग बर्फ येतो, त्या फांद्यांवर बसतो, आणि घराच्या पायाला वारा म्हणून लागत नाही. याला आम्ही 'घर बांधणं' म्हणतो, आणि हे काम इथे कुणीही करतं. पण डेल्मर अ‍ॅलीने बांधलेलं घर लांबूनही ओळखू येतं. माझा नवरा बांधायचा तेव्हा आमचं घर भिजलेल्या कोंबडीसारखं दिसायचं. तो गेल्यापासून डेल्मरच बांधतो, आणि खरं सांगते, त्या एका बाबतीत मला नवऱ्याची आठवण कधी आली नाही.

डेल्मर माझ्या रस्त्यापलीकडे राहतो. उंच, पाठीत वाकलेला, डोक्यापेक्षा टोपी मोठी. जन्मभर त्याने जंगलात लाकूड तोडलं, ओहोटी लागली की चिखलातून शिंपले उकरले, आणि नोव्हेंबरात माझ्यासाठी फरचे शेंडे मोडून आणले. नाताळला दारावर फांद्यांची हिरवी गोल कडी टांगतात ना, ती बांधायचा माझा धंदा आहे, घरामागच्या गॅरेजमध्ये. दहिवर कडक गोठल्याशिवाय डेल्मर झाडाला हात लावत नसे. मी कितीही घायकुतीला आले तरी "थांब गं बाई, झाडाला झोपू दे" म्हणून शिंपल्यांचं घमेलं उचलून चालू लागायचा. गावातल्या एकट्या बायकांची घरं तो फुकट बांधायचा. फुकट म्हणजे काकवीचे डोनट द्यावे लागत, गरम. पैसे पुढे केले की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्याची बायको एव्हिस माझ्या टेबलावर कडी बांधायला यायची. त्याआधी ती सार्डिनच्या कारखान्यात होती, कात्रीने माशांची डोकी उडवून डबे भरायला. कारखाना बंद पडला, कात्री सुटली, पण तिची जीभ तशीच राहिली.

"बर्निस, ह्याला गावातल्या सगळ्या विधवांच्या घरांची काळजी," ती सगळ्यांसमोर म्हणायची. "मी विधवा झाले की माझ्याकडेही लक्ष देईल."

"तू आधी हो तर," डेल्मर म्हणायचा.

असे ते दोघं. पोरंबाळं नाहीत. दोन खोल्यांचं घर, त्याच्या बापाने उभारलेलं, आणि स्वयंपाकघरात एक लोखंडी चूल. घर तापवायची तेलाची भट्टी गंजून कधीच गेली होती. डेल्मर स्वतः तोडलेलं लाकूड जाळायचा, आणि मोठ्या तोऱ्यात सांगायचा की ऊब विकत घेणारे लोक वेगळे.

मग एव्हिसची छाती बिघडली. आधी खोकला, मग दोन पायऱ्या चढल्या की धाप, मग नाकात नळी आणि पलंगाशेजारी घरघरणारं प्राणवायूचं यंत्र. एकदा मीच दोघांना गाडीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगी तरुण, पण स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "मिस्टर अ‍ॅली, या धुरात यांचा पुढचा हिवाळा निघणार नाही. घरातून चूल जायला हवी. नाहीतर यांना शुश्रूषागृहात ठेवावं लागेल."

परतीच्या वाटेवर एव्हिस एकच वाक्य बोलली. "मला तिथे टाकायचं नाही, डेल्मर. मी माझ्या पलंगावर मरेन." त्यावर डेल्मरने मान डोलावली. पण त्या दिवसापासून त्याचं जेवणाखाण्यात लक्ष नव्हतं, ते मी पाहत होते.

माझ्याकडे आदल्याच वर्षी घर उबदार ठेवणारा विजेवरचा हीट पंप बसला होता. आत भिंतीवर एक लांबोडकी पेटी, बाहेर पंख्याची दुसरी, संपलं. ना धूर, ना राख. तो बसवायला मिळणाऱ्या सरकारी सवलतीला तीन पायऱ्या होत्या. ज्याची मिळकत बरी त्याला थोडी, मधल्याला जरा जास्त, आणि अगदी खालच्याला जवळजवळ सगळा खर्च. मी मधली. डेल्मर खालचा, यात शंकाच नव्हती. पण खालच्या पायरीसाठी आधी जिल्ह्याच्या मदत कचेरीत जाऊन, थंडीत सरकारी मदत घेणाऱ्यांच्या यादीत नाव घालावं लागे.

"ती मदत गरिबांसाठी असते," डेल्मर म्हणाला.

"मग तू कोण रे, लखपती?"

"मी कुणाचं एक डॉलर देणं लागत नाही."

"देण्याचं कुणी विचारलं? बायकोला श्वास हवाय की तुला ताठ मान हवीय, ते एकदा ठरव!"

आतून एव्हिसचा आवाज आला, धापा टाकत. "ताठ मान कुठली त्याला? कुबड आलंय मेल्याला!"

तो गेला. मी सोबत होते म्हणून मला माहीत. मयतीला घालायचा कोट घातला होता त्याने, आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीला रक्त. टेबलामागे जोलीन होती. तिच्या आजीचं घर डेल्मर वर्षानुवर्षं बांधायचा. त्याला पाहून ती बिचारी उभीच राहिली. मग ती मिळकत विचारू लागली आणि हा प्रामाणिकपणाचा पुतळा सगळं सांगू लागला. निवृत्तीचं येतं ते, शिंपल्यांचं, माझ्याकडच्या शेंड्यांचं. कुणी एकदा मेलेलं मूस हरिण ओढून दिल्याबद्दल काहीतरी दिलं होतं, तेही.

"आणि डोनट," तो म्हणाला.

"डोनट लिहायचे नसतात, मिस्टर अ‍ॅली."

"पण मिळतात ना. खूप मिळतात."

मला हसू आवरेना. जोलीन पण हसली. तिने बेरीज केली आणि म्हणाली, काळजीच नको, तुम्ही मर्यादेच्या खूप खाली आहात, तुम्हाला सगळ्यात मोठी सवलत मिळणार. तिला वाटलं ती आनंदाची बातमी देतेय.

"किती खाली?" डेल्मरने विचारलं.

तिने संगणकाचा पडदा वळवून त्याला आकडा दाखवला. त्याने आकड्याखाली बोट धरलं. मग टोपी उचलून म्हणाला, "एवढा खाली?" कुणाला म्हणाला कोण जाणे. गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता आणि मी उगीच हवापाण्याच्या गोष्टी करत होते.

पण पंप आला. सप्टेंबरात कोल्बी आला तो बसवायला. आमच्याच गावचा, तीन मुलांचा बाप, कामाला चोख, बोलायला घाईचा. मागची भिंत कुजकी, खिळा धरेना, म्हणून बाहेरची पेटी त्याने जमिनीवर बुटक्या लोखंडी चौकटीवर बसवली, घराच्या मागे, समुद्राच्या बाजूला. जाताना म्हणाला, "एवढंच बघा डेल्मर, हिच्यावर बर्फ साचू देऊ नका."

"नाही साचू देणार," डेल्मर म्हणाला.

"आणि ही पेटीबरोबर आलेली माहितीची वही वाचा."

"वाचतो."

वही ड्रॉवरमध्ये गेली, आमच्याकडे सगळ्या वह्या जातात तिथेच. चूल डेल्मरने साखळीने ओढून बाहेर काढली आणि भंगारवाल्याला दिली, आणि धुराड्याचं तोंड विटा लावून बंद केलं. मला म्हणाला, आता मागे फिरायचं नाही.

ते दोन महिने एव्हिसचे राणीसारखे गेले हो. गाल भरले. नाकातली नळी दिवसातून तासभर काढून ठेवायची. मी कालवं घातलेलं दुधाचं सूप घेऊन गेले तर बाईसाहेब पातळ गाऊन घालून खिडकीत बसलेल्या, बाहेर पाणी गोठलेलं.

"बघ बर्निस," ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझे पाय गरम आहेत. नवऱ्याला जे जमलं नाही ते त्या पेटीने केलं."

डेल्मर लाजला. जाता जाता त्याने भिंतीवरच्या पेटीला हात लावला, गाईच्या पाठीला लावतात तसा. त्याला बघून मला बरं वाटलं होतं. आता वाटतं, तेव्हाच पाठीमागे एक चक्कर मारली असती तर? पण नोव्हेंबरात माझ्या गॅरेजमध्ये कड्यांचा नुसता धिंगाणा असतो, मान वर करायला फुरसत नसते.

कारण पाठीमागे डेल्मरने घर बांधायला घेतलं होतं. आणि घर बांधता बांधता तो त्या पेटीपाशी पोचला.

आता तुम्हीच सांगा. तो माणूस काय करणार? जन्मभर त्याने एकच गोष्ट जाणली, की थंडीपासून जे वाचवायचं ते झाकायचं. घराचा पाया झाकायचा, विहिरीचा पंप झाकायचा, एव्हिसची गुलाबाची झुडपं झाकायची. आणि इथे तर घरातली सगळी ऊब देणारं यंत्र बिचारं उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात, आणि कोल्बी सांगून गेलेला की बर्फ बसू देऊ नका. त्याने पट्ट्यांची चौकट उभी केली, डांबरी कागद गुंडाळला, आणि बाल्सम फरच्या फांद्या खालपासून वरपर्यंत लावल्या, दाट, एकसारख्या. मी ते नंतर पाहिलं. त्याच्या हातचं इतकं देखणं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

यंत्र आधी कुरकुरलं. मग आतली ऊब जरा कमी झाली. हे सगळं मला डेल्मरने नंतर सांगितलं, एकेक शब्द ओढून काढावा लागला. एव्हिस पलंगावरून म्हणाली, "गारठलंय रे ते. आणखी चार फांद्या घाल की." त्याने घातल्या. ऊब आणखी कमी झाली. "तुझा हात आखडता, डेल्मर, घाल म्हणते ना!" तो जंगलात गेला आणि बर्फावरची घसरगाडी भरून फांद्या आणल्या. जसजसं यंत्र थकत गेलं तसतसा तो त्याला गुंडाळत गेला. नाताळानंतर थंडीची लाट आली, शून्याच्या कितीतरी खाली, आणि एका सकाळी ते थांबलं.

कोल्बी धावत आला. मीही गेले. त्याने फांद्या ओढल्या, कागद फाडला, आणि आत पेटीऐवजी बर्फाची शिळा होती. पंखा मोडलेला. आतलं मुख्य यंत्र जळून गेलेलं. कोल्बीने टोपी काढून जमिनीवर आपटली.

"डेल्मर, अहो, हे काय केलंत? ही पेटी बाहेरच्या हवेतून ऊब ओढते. हवाच मिळाली नाही तर ती काय करणार? गळा दाबलात हो तिचा!"

"या हवेतून?" डेल्मर म्हणाला. आमच्या तिघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. "या हवेत ऊब कुठाय?"

"असते. गारठ्यातही असते. त्यावरच चालते ती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले, "अरे गाढवा, माझ्या घरी नाही का बघितलास तू? माझी पेटी झाकली होतीस का?"

"तुझी वर आहे, छपराच्या वळचणीला," तो हळूच म्हणाला. "तिला बर्फ लागत नाही. मला वाटलं, माझी खाली आहे, तिचे हाल होत असतील."

मी घरी आले आणि ओट्याला धरून रडले. मग डोळे पुसून फोन घेऊन बसले. कंपनीने सांगितलं, वापरणाऱ्याची चूक असेल तर हमी लागू नाही. सवलतवाल्यांकडे फोन लावला. पलीकडची बाई अगदी गोड, मला सारखी "डिअर, डिअर" करत होती. एका घराला ही सवलत एकदाच, म्हणाली. मिळकत कितीही कमी असो, एकदाच.

"पण तो आता आणखी खाली गेलाय," मी म्हणाले. "त्यासाठी आणखी खालची एखादी पायरी नाही का?"

"नाही, डिअर."

कोल्बी जुने भाग शोधतो म्हणाला, पण उन्हाळ्याच्या आधी काही हाती लागणार नव्हतं. चर्चमध्ये आम्ही तिकीट लावून बीन्सचं जेवण ठेवलं, अ‍ॅलींच्या मदतीसाठी म्हणून, तर त्याच संध्याकाळी वादळ आलं आणि आम्ही पाच-सात बायका एकमेकींना वाढत बसलो. विजेची शेगडी लावली तर त्यांच्या जुनाट तारांना ती आणि प्राणवायूचं यंत्र मिळून झेपेना, सारखी वीज जायची. मी एव्हिसला माझ्याकडे आणलं. पण माझं घर म्हणजे फरचा डिंक, धूळ, गळलेल्या सुया, भिंतींतून सुद्धा वास. तिला असा खोकला लागला की ओठ निळे पडले. पाहवेना हो. दुसऱ्याच दिवशी रुग्णवाहिका बोलवावी लागली, आणि दवाखान्यातून तिला सरळ शुश्रूषागृहात नेलं, गाडीने तासभर लांब.

तिथे सरकारने खर्च उचलायचा तर पुन्हा मिळकत दाखवायची होती. या वेळी डेल्मरने कोट घातला नाही. टेबलामागच्या माणसाने तोंड उघडायच्या आधीच त्याने सगळे कागद समोर ठेवले आणि म्हणाला, "मी खूप खाली आहे. तुम्ही बघा." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तेव्हापासून तो त्या घरात एकटा आहे. नळ गोठू नयेत म्हणून पाणी काढून टाकलंय. एका खोलीत विजेची शेगडी, अंगावर दोन कोट. माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाही. मात्र बर्फ पडला की हा माणूस फावडं घेऊन माझ्या दारात हजर. वर वळचणीला असलेल्या माझ्या पेटीखाली बर्फाचा ढीग जरासा चढला तरी तो उकरून लांब टाकतो. मी म्हणते, अरे तिथवर बर्फ पोचतच नाही. तो ऐकत नाही.

मार्चमध्ये, रस्ते मोकळे झाल्यावर, मी त्याला एव्हिसकडे घेऊन गेले. पिशवीत काकवीचे डोनट घेतले, कारण तिथलं जेवण तिला कागदासारखं लागतं. दारातच परिचारिकेने आम्हाला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाली, छातीत आता काही उरलेलं नाही, घरी न्यायचा विचार मनातून काढा. डेल्मर "बरं" म्हणाला. टोपी काढून त्याने केस नीट बसवले आणि मग आत गेला.

एव्हिस उशीला टेकून बसली होती. किती वाळली होती, गाऊनमध्ये माणूस शोधावा लागला असता. पण आम्हाला पाहिलं आणि जीभ सुटली.

"आलास? मला वाटलं एखाद्या विधवेचं घर बांधायला गेलास."

"मार्चमध्ये कुणी घर बांधतं का?" डेल्मर म्हणाला आणि तिच्याजवळ बसला.

ती घराचं विचारू लागली. खिडकीतली झाडं जगलीत का, मांजर मेलेला उंदीर दारात आणून टाकतं का अजून. तो सगळ्याला हो म्हणत होता. मग पंपाचं निघालं. मला वाटलं आता कोल्बीला शिव्या पडतील. पण तिने डेल्मरच्या दंडावर चापट मारली.

"मी सांगत होते ना तुला! गारठून मेलं ते बिचारं. आणखी घाल, आणखी घाल म्हणून मी घसा फोडत होते आणि तुझा आपला कंजूषपणा. जंगल पडलंय ना सगळं फांद्यांनी भरलेलं. नीट झाकलं असतंस तर आज मी घरी असते."

माझं तोंड उघडलं. डेल्मरने माझ्याकडे पाहिलं, फक्त एकदा, आणि मी ते मिटलं. मला कळलं की त्याने तिला काही सांगितलेलं नाही आणि कधी सांगणारही नाही. सांगितलं असतं तर तिचं ते "आणखी घाल"च यंत्राला नडलं, हेही तिला कळलं असतं.

"हो गं," तो म्हणाला. "फांद्या कमी पडल्या."

"मी घरी आले की बघते तुला. पुढच्या वेळी वरपर्यंत झाकायचं."

"वरपर्यंत झाकीन."

"फट ठेवायची नाही."

"नाही ठेवणार."

तेवढ्याने तिचं समाधान झालं. मी पिशवीतून डोनट काढून दिला, तर तिने तो दोन्ही हातांनी मोडला आणि मोठा तुकडा डेल्मरच्या तळहातावर ठेवला. "घे," ती म्हणाली, "माझं घर बांधल्याचा. दर वर्षी द्यायचा राहतो." डेल्मर खाली मान घालून तो तुकडा खाऊ लागला, आणि सगळा संपेपर्यंत खात राहिला.